फिल्मवरची पांढरी बाजू

माझी पाठ फारशी दुखतच नव्हती. ठणकायचा तो डावा पाय, कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत. म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंनी एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून "हा पाठीचा स्नायू बघा" म्हटलं, तेव्हा मला वाटलं, या विषय बदलतायत.

रिपोर्टात एवढंच होतं: कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलीय, एल-५ची (कंबरेच्या पाचव्या मणक्याची) शीर, म्हणजे मज्जातंतू, दबलीय. स्नायूबद्दल अवाक्षर नाही.

बाई दाखवत होत्या त्या स्नायूचं नाव मल्टिफिडस. आडव्या छेदात तो कण्याला मागून बिलगून दोन्हीकडे दिसतो. एका बाजूला तो करडा, भरीव. दुसरीकडे आक्रसलेला आणि मध्येमध्ये पांढरे पट्टे. पांढरं म्हणजे चरबी. (फिल्मवर आपली डावी बाजू उजवीकडे येते. मी आधी चांगल्या बाजूवरच हळहळून घेतलं.) वयानुसार थोडी चरबी सगळ्यांच्याच कंबरेत शिरते म्हणे, आणि शीर दबलेल्या प्रत्येकाचा स्नायू असा झिजतो असंही नाही. माझ्या बाबतीत बाईंना खटकला तो दोन बाजूंमधला फरक.

पायाच्या शिरेचा पाठीशी काय संबंध? तर शीर मणक्यांमधून बाहेर पडली की तिला दोन फाटे फुटतात. जाड फाटा पुढे, पायाकडे. बारीक फाटा मागे, पाठीत. माझी शीर दबली ती फाटे फुटायच्या आधी. पाय बोंबलला, पाठ मुकाट्याने वाळत गेली. त्यात मल्टिफिडसच्या एकेका पदराला एकाच पातळीची शीर पुरवठा करते. शेजारची मदतीला येत नाही.

तीन महिन्यांत पाय ठणकायचा थांबला. मी सुटले म्हणून व्यायाम सोडायला निघाले, तर बाईंनी १९९६चा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास सांगितला. पहिल्यांदाच पाठ धरलेली ३९ माणसं. दुखणं गेलं तरी ज्यांनी खास व्यायाम केला नाही, त्यांचा हा स्नायू आपोआप भरून आला नाही.

मग रोज पालथं झोपायचं, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं रोवायची आणि कणा न हलवता बोटांखालचा स्नायू हलकेच फुगवायचा. ऐकायला सोपं आहे. उजव्या बोटाखाली लगेच टणक उंचवटा येतो. डावीकडे पाच आठवडे शुकशुकाट. परवा काहीतरी हललं.

"हललं!" मी ओरडले.

बाई म्हणाल्या, "तुम्ही श्वास रोखलात म्हणून. पुन्हा करा."