ट्रिम, बेक्टिव्ह, डरो: ह्यू द लेसीच्या मागावर

आयर्लंडमध्ये नॉर्मन सरदाराचं घर आणि घराणं दोन्ही एका फेरीत पाहायचं असेल, तर मी ट्रिम सुचवेन. डब्लिनच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटर, बॉइन नदीकाठी. बसने साधारण तासभर लागतो आणि किल्ला गावातच आहे.

बालेकिल्ल्याच्या आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात आणि एका वेळी मोजकीच माणसं. म्हणून पोचल्यावर आधी तिकीट, मग तटाभोवती फेरी. उलट केलं तर सुट्टीच्या दिवशी बाहेरूनच परतावं लागतं. गोल जिना अरुंद आहे, पायऱ्या झिजलेल्या. पाठीवरची मोठी पिशवी नको.

११७२ साली इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ह्यू द लेसीला मीथचं अख्खं राज्य जहागीर दिलं, पन्नास नाइटांच्या चाकरीच्या बदल्यात. शेजारच्या लेन्स्टरमध्ये दुसरा नॉर्मन सरदार स्ट्राँगबो डोईजड होत होता. त्याला तोलून धरायला तेवढाच वजनदार माणूस राजाला हवा होता. त्याच वर्षी अ‍ॅथबॉयजवळच्या वॉर्ड टेकडीवर बोलणी चालू असताना ब्रेफ्नेचा आयरिश राजा टिअरनन ओ'रूर्क मारला गेला. दगा कोणाचा, हे बखर कोणत्या बाजूची त्यावर ठरतं.

ह्यूने आधी इथे लाकडी गढी उभारली. ११७४ मध्ये कॉनॉटचा राजा रोरी ओ'कॉनर चालून येताच शिबंदीने ती सोडली आणि गढी जळाली. त्यानंतरचा दगडी बालेकिल्ला म्हणजे मधे चौकोनी इमारत आणि चारही बाजूंना एकेक चौकोनी बुरूज. चारपैकी तीन उरलेत. भिंती सुमारे तीन मीटर जाड, उंची पंचवीसच्या आसपास. बाहेरचे कोपरे मोजले तर वीस भरतात. दिसायला दरारा आहे, पण लढाईच्या हिशेबाने मला ही रचना फसलेली वाटते. इतके कोपरे म्हणजे सुरुंग लावणाऱ्याला तितक्या जागा, आणि बुरुजांच्या बेचक्यात वरून धड मारा करता येत नाही. धाक बसवायला मात्र उत्तम.

आत शिरल्यावर भिंतींवर वर नजर ठेवा. जुन्या, खालच्या छपराची तिरकी खूण दगडात राहिली आहे; भिंती त्यानंतर वर चढवल्या. परांचीच्या भोकांत लाकडाचे तुकडे सापडले. त्यांच्या वलयांवरून काळ काढला, तेव्हा बांधकाम टप्प्याटप्प्याने झाल्याचं निघालं: पहिला टप्पा ११७० च्या दशकातला, पुढचे ११९० नंतरचे. मधल्या खंडाचा मेळ घराण्याच्या इतिहासाशी बसतो. ११८६ मध्ये ह्यू मेला, मुलगा वॉल्टर लहान, आणि मीथ ११९४ पर्यंत राजपुत्र जॉनच्या हातात.

पण ह्यूची खरी ताकद दगडात नव्हती, सोयरिकीत होती. पहिली बायको मॉनमथची रोझ वारल्यावर ११८० च्या सुमारास त्याने थेट रोरी ओ'कॉनरच्या मुलीशी लग्न केलं, राजाला न विचारता. हा गडी स्वतःच आयर्लंडचा राजा होणार, ही कुजबुज सुरू झाली आणि ११८१ मध्ये हेन्रीने त्याला परत बोलावलं. पर्याय नव्हता म्हणून काही महिन्यांत पुन्हा पाठवलं, पण सोबत नजर ठेवायला एक पाद्री दिला. या लग्नाचा मुलगा विल्यम गॉर्म. पहिल्या लग्नाचे वॉल्टर आणि पुढे अल्स्टरचा अर्ल झालेला धाकटा ह्यू.

ह्यू मारला गेला त्या डरोला जाताना गाडीतल्या नकाशावर जिल्हा नीट निवडा. लीश जिल्ह्यातही डरो नावाचं गाव आहे आणि नकाशा हमखास तिकडे नेतो. आपल्याला हवं ते ऑफली जिल्ह्यातलं, टलमोरच्या उत्तरेला. संत कोलम किलच्या मठाच्या जागेवर ह्यू गढी बांधत होता. काम पाहताना जुलै ११८६ मध्ये ओ'मी घराण्यातल्या एका तरुणाने कुऱ्हाडीने त्याचं डोकं उडवलं. मठाचा कोरीव क्रूस आता चर्चच्या आत आहे, म्हणून चर्च उघडं असण्याची वेळ आधी विचारून जा.

नऊ वर्षं प्रेत आयरिशांकडेच होतं. ११९५ मध्ये धड ट्रिमजवळच्या बेक्टिव्हच्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठात गेलं आणि मुंडकं डब्लिनच्या सेंट थॉमस मठात, रोझशेजारी. मग दोन्ही मठ भांडले. भक्तीपेक्षा, जिथे सरदार पुरला तिथे घराण्याची दानं वळतात, हा हिशेब मोठा असावा. १२०५ मध्ये निकाल सेंट थॉमसच्या बाजूने लागला आणि धडही डब्लिनला गेलं. बेक्टिव्हला आज दिसतो तो मठ बराचसा पंधराव्या शतकातल्या फेरबदलांचा. ह्यूच्या काळातलं काही शोधू नका. डब्लिनला तर थॉमस स्ट्रीट हे रस्त्याचं नावच उरलंय.

वेळ कमी असेल तर डरो गाळा, बेक्टिव्ह नाही. ते ट्रिमहून नव्हनच्या दिशेला सात-आठ किलोमीटरवर आहे आणि सायकलनेही जमतं.