ट्रिएस्टेची बारकोलाना : सगळ्या बोटींना एकच स्टार्ट लाइन

ट्रिएस्टेला जायचंच असेल तर ऑक्टोबरचा दुसरा रविवार गाठावा. त्या दिवशी बारकोलाना असते, म्हणजे इथली शिडाच्या बोटींची मोठी शर्यत. इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेला खेटून हे बंदर आहे. व्हेनिसहून रेल्वेने साधारण दोन तास लागतात. उजव्या बाजूची खिडकी धरायची, कारण मोनफाल्कोने सुटल्यावर गाडी कार्स्ट नावाच्या चुनखडीच्या पठाराच्या कड्याला धरून धावते आणि खाली आखात उघडतं.

शर्यत बघायला बहुतेक लोक पियात्सा युनिता या मुख्य चौकाच्या समोरचा धक्का पकडतात. माझं मत वेगळं आहे. धक्क्यावरून नुसती शिडांची भिंत दिसते. कोण पुढे, कोण मागे, काही कळत नाही. शहरावरच्या पठारावर ऑपिचिनाच्या ओबेलिस्कपासून (उंच दगडी स्तंभापासून) प्रोसेक्को गावाकडे नापोलेओनिका नावाची जवळजवळ सपाट पायवाट जाते, ती गाठावी. तिथून बारकोला या उपनगरापासून मिरामारेच्या किल्ल्यापर्यंतचं सगळं पाणी पायाखाली येतं. सुरुवात सकाळी साडेदहाच्या सुमारास होते, पण नऊपर्यंत पोचलं तरच कठड्याजवळ जागा मिळते. दुर्बीण आणि वारा अडवणारं जाकीट दोन्ही हवंच. बोरा, म्हणजे इथला ईशान्येचा झोडपणारा वारा, सुटला की तो या पठारावरूनच खाली कोसळतो, आणि झोत पाण्यावर टेकले की तिथे काळपट पट्टे उमटतात. पुढच्या पाच मिनिटांत कुठल्या बोटी पळणार, हे त्या पट्ट्यांवरून आधीच सांगता येतं.

१९६९ साली पहिल्या शर्यतीत ५१ बोटी होत्या. २०१८ साली नोंदल्या गेल्या २,६८९. हा आकडा शक्य झाला तो एका निर्णयामुळे: इथे क्लासची, म्हणजे एकाच साच्याच्या बोटींच्या गटाची, अट नाही. तीस मीटरची कार्बनची राक्षसी बोट आणि घरच्या मंडळींना घेऊन निघालेली सात-आठ मीटरची जुनी क्रूझर, दोघी एकाच रेषेवर, एकाच तोफेला सुटतात. प्रत्यक्ष वेळेत जो आधी पोचला तो पहिला. बाकीच्यांसाठी लांबीनुसार गट पाडलेले असतात आणि बहुतेकांची खरी चुरस त्या गटातच चालते.

शिडाच्या बोटींच्या जगात एक वाद कायम धुमसत असतो: एखाद्या क्लासच्या रेगाटात, म्हणजे त्यांच्या शर्यतींच्या स्पर्धेत, दुसऱ्या प्रकारची बाहेरची बोट घ्यावी का? नापोलेओनिकावर उभं राहून त्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात. माझं उत्तर असं: घ्यावी, आनंदाने घ्यावी, पण तिची स्टार्ट वेगळी हवी आणि निकालही वेगळा हवा. यातलं एक जरी सोडलं, तरी यजमान क्लासवर अन्याय होतो.

वेगळी स्टार्ट का, ते बघा. पाण्यावर उचलून न धावता पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या जलरेषेच्या, म्हणजे पाण्याला टेकलेल्या भागाच्या, लांबीवर अडतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की नॉटमधला (ताशी सागरी मैलांतला) साधारण कमाल वेग मिळतो. १६ फुटांच्या जलरेषेला ५.४ नॉट, ३६ फुटांना ८. म्हणजे मोठी बोट मागून येऊन लहानीला गाठणारच, आणि गाठताना तिचा वारा खाणार. उंच डोलकाठीच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, काठीच्या उंचीच्या चार-सहा पट अंतरापर्यंत हवा मेलेली आणि गढूळ असते. दुर्बिणीतून हे स्पष्ट दिसतं: मोठं शीड वाऱ्याच्या बाजूने सरकलं की लहान बोटीचं शीड आधी थरथरतं, मग पोट आत जातं, कललेली बोट एकदम सरळ होते आणि कडेला बसलेली माणसं घाईने आत सरकतात. मोठी पुढे निघून गेल्यावर वारा धाडकन परत येतो. तेव्हा सुकाणूवरचा हात तयार नसला तर बोट वाऱ्यात तोंड खुपसून उभी राहते. एकसारख्या बोटींच्या ताफ्यात हा फटका सगळ्यांना थोडाथोडा बसतो. बाहेरची मोठी बोट तो नेमका दोघा-तिघांनाच देते, आणि त्यांची क्लासमधली जागा त्यांच्या चुकीशिवाय जाते.

दुसरी अडचण मार्कवर, म्हणजे ज्याला वळसा घालायचा त्या तरंगत्या खुणेवर, येते. शर्यतीच्या नियमांतल्या नियम १८ मध्ये मार्कभोवतीचा झोन, म्हणजे आत असलेल्याला वळायला जागा द्यायचा टापू, हा मार्कच्या जास्त जवळ असलेल्या बोटीच्या तीन लांब्यांचा धरतात. चार मीटरची डिंगी (लहान उघडी बोट) जवळ असेल तर १२ मीटर, बारा मीटरची क्रूझर जवळ असेल तर ३६. क्लासच्या बोटीवर हे अंतर डोळ्यांत बसलेलं असतं. मिश्र ताफ्यात ते क्षणाक्षणाला बदलतं, मग ‘जागा द्या’ची आरोळी कुणाची बरोबर, यावरून संध्याकाळी तक्रारी लागतात. स्टारबोर्ड टॅकवाल्याचा, म्हणजे उजवीकडून वारा घेणाऱ्याचा, हक्क मात्र आकार बघत नाही. तीस मीटरवाल्यालाही पोर्टवर (डावीकडून वारा घेत) असेल तर बाजूला व्हावंच लागतं. फक्त त्याला वळायला जागा आणि वेळ जास्त लागतो, म्हणून लहानाने आपला हक्क लवकर आणि ठळक दाखवावा.

वेगळ्या स्टार्टला फार खटाटोप लागत नाही. इशारा पाच मिनिटांवर, तयारीचं निशाण चारवर, ते उतरतं एकावर, मग सुरुवात. पहिल्या ताफ्याची सुरुवात हाच दुसऱ्याचा पाच मिनिटांचा इशारा धरता येतो. वेगवान बोटी आधी सोडाव्यात, म्हणजे त्या मागून येऊन कुणाला झाकत नाहीत. वेगात फारच फरक असेल तर बाहेरच्यांना फेऱ्या कमी-जास्त द्याव्यात.

निकाल एकत्र लावला, तर त्याचंही गणित बिघडतं. कमी गुण जिंकणाऱ्या पद्धतीत क्लासच्या पहिल्या दोघांच्या मध्ये तीन पाहुण्या बोटी शिरल्या तर दुसऱ्याला दोनऐवजी पाच गुण पडतात. मालिकेत एवढा फरक पदक घालवतो. पाहुण्यांना वगळून क्लासचे क्रम पुन्हा लावले की प्रश्न मिटतो, पण तसं आधी लेखी जाहीर केलेलं हवं.

पाहुण्यांचा आपसातला निकाल रेटिंगवर, म्हणजे बोटीच्या वेगानुसार ठरवलेल्या आकड्यावर, लावावा. पोर्ट्समथ यार्डस्टिक या रेटिंग पद्धतीचं सूत्र सोपं: लागलेली वेळ गुणिले १०००, भागिले बोटीचा आकडा. लेझर या एकट्याच्या डिंगीचा आकडा साधारण ११००. तिला ६० मिनिटं लागली तर सुधारित वेळ ५४ मिनिटं ३३ सेकंद. ९५० आकड्याची वेगवान डिंगी ५२ मिनिटांत आली तर तिची ५४ मिनिटं ४४ सेकंद. आठ मिनिटं मागून आलेली लेझर ११ सेकंदांनी जिंकली. मोठ्या बोटींसाठी आयआरसी किंवा ओआरसी या रेटिंग पद्धतींचं प्रमाणपत्र लागतं.

रेटिंगवर आंधळा भरवसा मात्र नको. एकच आकडा सगळ्या वाऱ्यांची सरासरी असतो. जोराच्या वाऱ्यात हलकी डिंगी पाण्यावर उचलून धावते, तेव्हा तो तिला फार उदार ठरतो; पडलेल्या वाऱ्यात जड क्रूझर जागच्या जागी डुलते, तेव्हा तिला फार कठोर. ट्रिएस्टेत दोन्ही टोकं दिसतात. २०२० ची शर्यत खराब हवामानामुळे रद्द झाली, आणि बोरा नसेल त्या वर्षी आखात आरशासारखं पडतं. शर्यतीचे तेरा-पंधरा सागरी मैल तीन नॉटने कापायचे तर चार-पाच तास जातात. वेळेची मर्यादा मोठ्या बोटींवर बेतली, तर मागचा अर्धा ताफा निकालाबाहेर राहतो.

काही स्पर्धांना मात्र ही दारं बंदच असावीत. क्लासची राष्ट्रीय किंवा जागतिक स्पर्धा असेल, निवडचाचणी असेल, तर तिथे हल (बोटीचं धड), शीड, काठी सगळ्यांची सारखीच, म्हणून निकाल माणसाचा लागतो. आयोजकांना क्लासचे नियम मनाला येतील तसे सैलही करता येत नाहीत. क्लासच्या नियमांत मुभा हवी किंवा क्लास संघटनेची लेखी परवानगी. पण क्लबची वार्षिक रेगाटा असेल, क्लासच्या जेमतेम सहा बोटी येत असतील, तर दार लावून बसण्यात शहाणपण नाही. सुरक्षा बोट, मार्क टाकणारी माणसं, समितीची बोट हा खर्च सहा बोटींना तेवढाच आणि सोळा बोटींना तेवढाच.

बाहेरची बोट घेऊन जाणाऱ्याने आधी स्पर्धेची सूचना वाचावी: कोणती रेटिंग पद्धत, कोणती स्टार्ट, विम्याची किती रक्कम, व्हीएचएफ रेडिओचा कोणता चॅनल. प्रमाणपत्र चालू वर्षाचं असावं. शिडावरचा नंबर आणि अर्जातला नंबर एकच हवा, कारण शेवटच्या रेषेवर वेळ टिपणारा फक्त नंबर लिहितो. उधार शीड लावलं असेल तर ते समितीला सुरुवातीआधी कळवावं. आणि पाच मिनिटांचं निशाण दुसऱ्या ताफ्याचं असेल, तर रेषेपासून दूर, वाऱ्याखालच्या बाजूला थांबावं.