आमची वाटचाल: शेजारी खुर्ची टाकून

कामाच्या ठिकाणी लोक तंत्रज्ञान प्रत्यक्षात कसं वापरतात, हे पाहण्याचं काम आमची छोटी फर्म करते. सुरुवातीला मागणी असायची ती प्रश्नावलीची. "नवं सॉफ्टवेअर वापरता का?" असं विचारलं की बहुतेक जण "हो" म्हणतात, आणि ते खरंच असतं. पण नोंद आधी वहीत होते आणि शिफ्ट संपता संपता सगळ्या एन्ट्री एकदम मारल्या जातात, हे त्या "हो"मधून कळत नाही. त्यासाठी शेजारी खुर्ची टाकून बसावं लागतं.

ही पद्धत काही आमची नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात फोटोकॉपी यंत्र वापरणाऱ्यांचं चित्रीकरण केलं. यंत्राने गृहीत धरलेला क्रम आणि समोरच्या माणसाची त्या क्षणीची समजूत कुठे फारकत घेतात, हे त्यांनी १९८७ साली मांडलं. झेरॉक्समधलेच मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. मॅन्युअलमध्ये नसलेलं ज्ञान ती मंडळी बिघाडांचे किस्से सांगून एकमेकांना देत होती. आमच्याकडे नवीन येणाऱ्याला आम्ही आधी या दोघांचं लेखन वाचायला देतो.

वही दिसली की व्यवस्थापनाला तो बदलाला विरोध वाटतो. आम्ही ती वही पाहायला मागतो. सॉफ्टवेअरमध्ये जागा नसलेलं बरंच काही तिच्यात असतं: ग्राहकाने तोंडी दिलेली मुदत, अर्धवट आलेला माल, "यांना दुपारनंतरच फोन करा". रकाना भरणं सक्तीचं असेल आणि माहिती अजून हाती नसेल, तर माणूस शून्य टाकून पुढे जातो. व्यवस्थापनाच्या अहवालात तेच शून्य खरं धरलं जातं. असं एक शून्य सापडलं की आमच्या मते फील्डवर्कचं चीज झालं.

काहींना आमच्याकडून "कोण वापरत नाही" त्यांची नावं हवी असतात. अशी कामं आम्ही घेत नाही, हातात दुसरं काम नसलं तरीही. संमती घेताना शब्द दिलेला असतो. शिवाय एकदा नाव वर गेलं की तिथे पुन्हा कोणी वही उघडून दाखवत नाही. म्हणून करारातच लिहून घेतो: कच्च्या नोंदी आमच्याकडेच राहतील, आणि निष्कर्ष आधी ज्यांचं काम पाहिलं त्यांना वाचून दाखवले जातील. "असं नाही, महिनाअखेरीला वेगळं करतो," असं कोणीतरी हमखास सांगतं, आणि अहवाल सुधारतो.

सध्या एआयने लिहिलेले मसुदे लोक कसे तपासतात, ते पाहतो आहोत. कोणत्या ओळीवर नजर थांबते आणि कोणती न वाचताच पुढे जाते, हे टिपायला पुन्हा तीच खुर्ची लागते.