बंब येईपर्यंत

एप्रिलचा मधला आठवडा म्हणजे आमच्या शाळेत वार्षिक परीक्षा, घामोळं आणि बंब. अग्निशमन सेवा सप्ताह देशभर 14 ते 20 एप्रिलला पाळतात. पण 14 तारखेला आंबेडकर जयंतीची मिरवणूक, नगरपालिकेचा एकुलता एक बंब त्या दिवशी चौकात उभा. म्हणून आमच्याकडचं प्रात्यक्षिक त्यानंतर, पेपर नसेल त्या दिवशी, उन्हं चढायच्या आत उरकायचं.

गाव तालुक्याचं, भोवती ऊसच ऊस. बंब एक आणि खेडी डझनावारी. अग्निशमन हा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत येतो. ग्रामपंचायतींच्या 29 विषयांत तो नाही. हे आम्हाला तेव्हा कुठलं ठाऊक! पण लांबच्या वाडीत कडब्याची गंजी पेटली तर बंब पोचेस्तोवर राखच उरते, हे वाड्यावस्त्यांवरून येणारी पोरं आम्हाला सांगायची. कधी साखर कारखान्याचा बंब आधी पोचायचा, तेवढंच. म्हणून दलाचे प्रमुख दरवर्षी माइक हातात घेतला की एकच प्रश्न टाकायचे, ''आम्ही येणारच आहोत. पण येईपर्यंत तुम्ही काय करणार?''

त्याआधी मुंबईची गोष्ट असायची. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज. पोटात कापसाच्या गासड्या आणि त्याच जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं. कापूस धुमसत होता, दलाचे जवान पाणी मारत होते, आणि दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासानं दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. सप्ताह त्यांच्यासाठी. मग दोन मिनिटं स्तब्धता. ती संपली की मागच्या रांगेतून हमखास मागणी यायची, ''काका, सोन्याची वीट सांगा!'' जहाजावर सोनंही होतं. त्यातली एक वीट लांबवर एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्यांनी ती परत केली. परत का केली, यावर आमच्या वर्गात पेपरापेक्षा जास्त चर्चा व्हायची.

भाषणं काही लक्षात राहात नाहीत. लक्षात राहिलं ते ओलं पोतं. मैदानाच्या मधोमध गॅसचं सिलिंडर, त्याच्या तोंडाशी भुर्रर्र करत पेटलेली ज्योत. एक जवान गोणपाट बादलीत बुडवायचा, पण निथळू द्यायचा नाही. वारा पाठीशी घेऊन वाकून पुढे जायचा, पोतं ढालीसारखं समोर धरलेलं, बोटं कडांच्या आत दुमडलेली, म्हणजे धग हाताला नको. पोतं वरून टाकायचं नाही, आपल्या बाजूनं पलीकडे सारत न्यायचं. ज्योत गुदमरली की हात घालून वॉल्व्ह बंद. मग बोलावणं पुढच्या रांगेतल्या आयांना. पहिली कोणी उठायची नाही. एकदा एक उठली की मग रांग लागायची, आणि आमच्या बाईंना परत जागेवर बसवणं अवघड व्हायचं.

बाकीचं भराभर व्हायचं. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच. 101 नंबर सगळ्यांनी ओरडून म्हणायचा.

मला मात्र खरी गंमत वाटायची पंपाची. टाकीचं झाकण उघडून ते दाखवायचे आणि सांगायचे, नॉझल पूर्ण सोडला तर हे पाणी काही मिनिटांत संपतं. मग शेताजवळच्या विहिरीत सक्शन पाइप सोडायचा. पण विहिरीचं पाणी साधारण 7 मीटरच्या खाली गेलं की वर ठेवलेल्या पंपाला ते ओढता येत नाही. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळाला. त्यामुळे उसाला आग लागली तर पाण्याची वाट बघत बसू नका, वाऱ्याच्या दिशेनं पुढे जाऊन चार-सहा सऱ्या तोडा, पाचट ओढून काढा, पट्टा मोकळा करा, असं ते शेतकऱ्यांच्या पोरांना बजावायचे. कुठल्याही पुस्तकात मी हे इतकं स्वच्छ वाचलेलं नाही.

गप्पांमध्ये आगीपेक्षा इतरच कामं जास्त निघायची. विहिरीत पडलेली म्हैस, रस्त्यावर आडवं झालेलं झाड, पुरात अडकलेली माणसं, गणपती विसर्जनाचा घाट. म्हैस पट्ट्यात बसवून वर घेताना तिच्या मालकाला आधी लांब न्यावं लागतं, कारण तो मधे मधे करतो, हे ऐकून सगळी शाळा हसायची.

शेवटी फवारा. आम्हाला भिजायचं असायचं, पण टंचाईच्या वर्षी मुख्याध्यापक नॉझलचा रोख कुंपणाच्या कडुलिंबांकडे वळवायला लावायचे. योग्यच होतं ते, तरी राग यायचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी बॅनर, पाहुणे, फोटो, आणि संपला सप्ताह. आयांच्या हातात पोतं द्यायला वेळ नसेल तर बंब दारात आणून उपयोग काय?

एका वर्षी सिलिंडर पेटवायच्या आतच चालकाचा फोन वाजला. कुठे तरी ऊस पेटला होता. पसरलेले पाइप भराभर मागच्या कप्प्यात कोंबले, सायरन सुरू, आणि फाटकातून बंब बाहेर. पीटीच्या सरांनी सिलिंडर उचलून खोलीत ठेवलं आणि आम्हाला घरी सोडलं. पुढच्या वर्षी प्रमुखांनी माइक हातात घेण्याआधीच पोतं भिजवायला सांगितलं.