आईच्या एफडीवर माझं नुसतं नाव आहे गं

न्यूजर्सीत एडिसनला, ओक ट्री रोडजवळ एका छोट्या सीपीए ऑफिसात (सीपीए म्हणजे इथला सीए) मी काम करते. मी स्वतः सीपीए नाही, ईए आहे, म्हणजे एनरोल्ड एजंट, आयआरएसची (इथल्या इन्कम टॅक्स खात्याची) तीन पेपरांची परीक्षा पास झालेली. हे सांगितलं की आपली माणसं हमखास विचारतात, म्हणजे अर्धी सीपीए का? असो.

मार्चचा शेवटचा शनिवार, सकाळचे साडेदहा, बसायला जागा नाही, प्रिंटर रुसलेला आणि त्यात एक काका-काकू अपॉइंटमेंट न घेताच आले. काका मूळचे साताऱ्याकडचे, कधीचे सिटिझन झालेले, स्वतःची छोटी लॉन्ड्रोमॅट. हातात किराण्याची पिशवी, पिशवीत आठ वर्षांचे रिटर्न आणि वर आयआरएसचं एक पत्र, जे काकूंनी तीन आठवडे देवघरात ठेवलं होतं.

पत्र म्हणजे सीपी 2000. हे बघून लोकांचे हातपाय गळतात पण ते बिल नसतं, आमच्याकडे आलेले आकडे आणि तुमचे आकडे जुळत नाहीत, 30 दिवसांत बोला, एवढंच. कार्ड मशीनवाल्या कंपनीने 1099-के वर, म्हणजे कार्डने आलेल्या पैशांच्या फॉर्मवर, 61 हजार दाखवलेले आणि रिटर्नमध्ये 54. कारण शोधायला पाच मिनिटं लागली. काकांनी दोन ड्रायर घ्यायला त्याच कंपनीकडून ॲडव्हान्स घेतला होता, हप्ता आणि फी कापून उरलेले पैसे बँकेत यायचे आणि रिटर्न करणाऱ्याने बँकेत आले तेवढेच धरले. वर ड्रायरचं डेप्रिसिएशन, म्हणजे घसाऱ्याची वजावट, एका वर्षीही घेतलेलं नाही! म्हणजे एकीकडे नोटीस आणि दुसरीकडे माणूस जास्तीचा टॅक्स भरतोय.

"करतं कोण काका तुमचं?"

"आपलाच माणूस आहे. सीपीए. दीडशे डॉलर कॅश, घरी येतो, पोहे खातो, करून जातो."

पण फॉर्मवर पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्याची सही आणि पीटीआयएन नंबर लागतो, तिथे आठही वर्षं सेल्फ प्रिपेअर्ड, म्हणजे काकांनी स्वतःच भरलं असं. मी काकांसमोरच राज्याच्या लायसन शोधायच्या साइटवर नाव टाकलं, फुकट असतं, अर्धं मिनिट लागतं. काही आलं नाही. स्पेलिंग बदलून टाकलं, तरी नाही. काकू हळूच म्हणाल्या, पत्र आल्यापासून तो फोनच उचलत नाही. उचलून तरी काय करणार होता, आयआरएससमोर क्लायंटच्या वतीने पूर्णपणे उभं राहायला सीपीए, ईए किंवा वकील लागतो.

मग मी रिटर्नमधलं शेड्यूल बी हे पान उघडलं. परदेशात बँक खातं आहे का, या प्रश्नाला दर वर्षी नो.

"काका, इंडियात काही खातं?"

"छे. आईच्या 14 लाखांच्या एफडी आहेत साताऱ्यात, त्यावर माझं नुसतं नाव आहे गं. आयदर ऑर सर्व्हायवर. पैसा तिचा."

इथे मी पेन खाली ठेवलं. जॉइंट नाव असलं तरी एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, वर्षात एकदा जरी सगळी खाती मिळून 10,000 डॉलरच्या वर गेली तरी, आणि अर्धी रक्कम नाही, पूर्ण धरायची. एफबारवर टॅक्स शून्य असतो, नुसती माहिती द्यायची असते, पण न दिल्याचा दंड चुकून राहिला असेल तरी 10 हजारांच्या वर जाऊ शकतो. 2023 च्या बिटनर निकालात इथल्या सुप्रीम कोर्टाने तो दर खात्यामागे नाही, दर वर्षाच्या रिपोर्टमागे असं ठरवलं, हा त्यातल्या त्यात दिलासा. हे सगळं मी काकांना सांगितलं नाही, त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

आमच्या सीपीए सरांना आत जाऊन विचारलं. ते म्हणाले, पैसा आणि व्याज खरंच आईचंच आहे याचे कागद आधी बघू, तसं असेल तर राहिलेले एफबार उशिराचं कारण लिहून भरू, आणि पत्राचं उत्तर आजच. काकांनी फॉर्म 2848 वर सही केली, म्हणजे आता आयआरएसशी आम्ही बोलणार.

मला दर वर्षीचा सगळ्यात जास्त बॅलन्स हवा होता, म्हणून काकांनी तिथूनच साताऱ्याला फोन लावला, तिकडे रात्रीचे नऊ वाजत आलेले, फोन स्पीकरवर. पासबुक काढ म्हटल्यावर आजी आधी गप्प. मग म्हणाल्या, "का रे, दुकान बुडालं का? मोडू का एफडी?"