माळकऱ्यांची लेक

माझे आईवडील दोघंही माळकरी. घर लोणंदला, त्यामुळे ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी गावात मुक्कामाला. वारकऱ्यांच्या पंगतीत वाढता वाढता अण्णा कुणाच्याही पाया पडतात. समोर मिसरूड फुटलेला पोरगा असला तरी तो माउली. जात कुणी विचारत नाही. मी वसईच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मात्र अण्णा गप्पच झाले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस ३० दिवस लागली होती. हरकत आली नाही. कायद्याला चालेल अशी हरकत अण्णांकडे नव्हतीच.

भांडण झालं असतं तर बरं, असं कधी कधी वाटतं.

आई वसईला येते ती शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि स्वतःचं पातेलं घेऊन. मासे शिजणाऱ्या घरातलं तिला चालत नाही. ओट्याचा एक कोपरा ती स्वतः धुऊन पुसून घेते, तिथे वरणभात लावते आणि आम्हालाच आग्रहाने वाढते. जावयाला तूप अंमळ जास्तच. सासूबाई एकादशीला आठवणीने सुकेळी पाठवतात, राजेळी केळी उन्हात वाळवलेली. ती मात्र आई आवडीने खाते. फळच ना ते! उपासाच्या नियमातली ही फट सासूबाईंनी बरोब्बर हेरली आहे.

पातेल्याचं मला खरंच काही वाटत नाही. माळ घातली की पथ्य आलंच. लागतं ते दुसरंच. रोज हरिपाठ झाला की अण्णा विठ्ठलाकडे माझ्यासाठी मागणं मागतात, ‘पोरीला सद्बुद्धी दे.’ लपवत नाहीत, उलट फोनवर मायेनं सांगतात. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असावं आणि त्याच्यासाठी नवस बोलावा, तसं. मी धडधाकट आहे, संसार सुखाचा चाललाय, आणि तिकडे माझ्या बरं होण्याची वाट बघणं चालू आहे. चिडावं तर समोरचा आवाज चढवत नाही. उलट बोलावं तर म्हातारा माणूस, जीव लावणारा.

पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले, ही गोष्ट लहानपणी मला अण्णांनीच सांगितली होती, डोळ्यांत पाणी आणून. एकदा न राहवून मी ती त्यांना ऐकवली. “ते वेगळं,” म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.

यंदा कांदेनवमीला फोन आला. आईनं आधी भजी केलीस का याची चौकशी केली, मग अण्णांकडे दिला. “रोज मागतोय गं तुझ्यासाठी.”

म्हटलं, “अण्णा, मागायचंच तर सकाळच्या चर्चगेट लोकलला बसायला जागा मागा ना.”

ते खो खो हसले. “बाई, ते त्याच्याही हातचं नाही!”