सराटीची बाटली

तुकोबांच्या पालखीसोबत निघालो तेव्हा नकाशा वगैरे काही बघितला नव्हता, दिंडी जाईल तिकडं जायचं एवढंच डोक्यात. सराटीला सकाळी पादुकांना नीरास्नान असतं, गर्दी इतकी की सोहळा काही दिसला नाही, नंतर कसाबसा काठाला पोचलो आणि घरी न्यायला म्हणून एक बाटली भरून घेतली. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, पलीकडं अकलूज, सोलापूर जिल्हा.

दिंडीतले एक अण्णा नीराकाठचेच. ते हसायला लागले, म्हणाले माउली कशाला ओझं वाहताय, ते येतंय की आपल्यासंगं पंढरीला. मला वाटलं भक्तीचं बोलतायत, तर नाही, भूगोल सांगत होते! नीरा खाली नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, पुणे जिल्ह्याचं पार आग्नेय टोक ते, एका अंगाला नीरा दुसऱ्या अंगाला भीमा, नदीपलीकडं एकीकडं माळशिरस तालुका आणि एकीकडं माढा. तिथून दोघींचं मिळून पाणी पंढरपूरला. म्हणजे आपण बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी असं रस्त्यानं जायचं आणि पाण्यानं आपलं वळणं घेत, बंधाऱ्यांना थटत यायचं. चंद्रभागेला पाणी म्हटलं की सगळे उजनीचं नाव घेतात, नीरेचं कोण काढतच नाही राव.

पंढरपुरात आमची राहुटी नदीपलीकडं 65 एकर म्हणतात त्या वारकऱ्यांच्या तळावर होती, शेगाव दुमालाच्या अंगाला (दुमाला म्हणजे जुनं इनामी गाव हे पण अण्णांकडूनच कळलं). घाटावर उभं राहून वळण कळत नाही, नुसती माणसं दिसतात. पहाटे पलीकडच्या काठानं चालत गेलो तेव्हा कुठं नदी चंद्रकोरीसारखी वळताना दिसली, या वळणापुरतीच ती चंद्रभागा, वर पण भीमा आणि खाली पण भीमाच. पौर्णिमेला काल्याला गोपाळपूरला गेलो, वाटेत नदीपात्रातल्या खडकावर विष्णुपद लागतं, मार्गशीर्षात विठ्ठल तिथं मुक्कामाला असतो म्हणे.

बाटली तोवर पिशवीतच होती. तिथंच ओतून टाकली. अण्णा म्हणाले, भेटलं का कोण ओळखीचं?